खालचा तुकडा

भाकरी थापून झाल्या की विजयमाला कळशी उचलायची. विहिरीवर भरून घ्यायची, कडेवर मारायची आणि उसाच्या बांधानं खाली उतरत आंब्याच्या रोपापाशी जायची. रोप कसंबसं गुडघ्याएवढं. आधी दोन लावलेली जळून गेली होती, हे तिसरं. त्याला पाणी घालायचं, कळशी पालथी घालून तिच्यावर घटकाभर टेकायचं आणि घरी यायचं. या सगळ्यात ती रडायची नाही. गावातल्या बायकांना नेमकं हेच खटकायचं. जिची कॉलेजात शिकणारी लेक गेली ती बाई रडत नाही म्हणजे काय? सणसरात काय नि आणखी कुठं काय, दुःखालाही रीत असते. रीत सोडली की लोक सरळ दुःखावरच शंका घेतात.

रोपाच्या बुडाशी तिच्या उत्कर्षाची रक्षा होती.

हे असं करायची पद्धत घरात आणली तीही उत्कर्षानंच. चार वर्षांपूर्वी तिची आजी भामाबाई गेली, तेव्हा रक्षा सावडून नीरा नरसिंगपूरला न्यायची गाडीसुद्धा ठरली होती. ही पोरगी स्मशानात सगळ्यांच्या पुढं उभी राहिली आणि म्हणाली, नदीत काही टाकायचं नाही, नदीची आधीच काय दशा झालीय ते बघा. आजीला शेतात ठेवू, वर झाड लावू. भावकीतले हिंदुराव तात्या काठी आपटून म्हणाले होते, "पाण्यात सोडल्याबिगर गती न्हाय माणसाला. ही कालची पोर आपल्याला शिकवती व्हय?" पण दादासोला लेकीचं भारी कौतुक. त्यानं मान डोलावली आणि घराच्या कडेला खड्डा घेतला. तिथं चिकूचं झाड आलं, असं आलं की दोन वर्षांत फळ धरलं. मग काय, हिंदुराव तात्याच पाहुण्यारावळ्यांना सांगत सुटले की आमच्याकडं आम्ही रक्षा नदीत सोडत नाही, आम्ही पर्यावरणवाले. गावाचं हे असंच असतं. आधी शिव्या देतं, मग फोटो काढतं.

आणि गेल्या वर्षी जानेवारीत, कारखाना भरात असताना, दिवेलागणीला उत्कर्षा बारामतीहून स्कूटीवर येत होती. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. पुढचं सांगण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली. हिच्याबाबतीत नदीचा विषय कुणी काढलाच नाही. कुणीतरी एवढंच विचारलं की झाड कुठं लावायचं. दादासो जमिनीकडं बघत म्हणाला, "खालच्या तुकड्यात लावू. तितं तसं बी काय येत न्हाय." विजयमालानं ऐकलं आणि मान हलवली. त्या दिवशी तिला कुणी काहीही विचारलं असतं तरी तिनं मान हलवलीच असती.

खालचा तुकडा म्हणजे त्यांच्या रानाचा ओढ्याकडचा शेवट. वरचं रान पाटाच्या पाण्यावरचं, काळंभोर, दीड वर्षाचा आडसाली ऊस माणसाच्या वर जाणारा. खालचं मात्र चोपण. उन्हाळा लागला की त्यावर पांढरी पापडी चढते, पावसाळ्यात पाय रुतून बसतो. दादासोच्या बापाच्या वेळेला तिथं ज्वारी व्हायची म्हणतात. दादासोनं दोनदा ऊस लावून बघितला, वीतभर आला आणि पिवळा पडून बसला. तेव्हापासून ते रान तसंच पडून होतं.

पहिला आंबा मे महिन्यात जळाला. दुसरा मृगाला लावला, तो दिवाळीपर्यंत पानाच्या कडांनी करपत करपत गेला. मग लोकांच्या जिभेला हाड राहिलं नाही. लेकीची इच्छा राहिली असंल, म्हणाले. कुणी दृष्ट म्हणालं, कुणी शांत करून घ्या म्हणालं. विजयमाला सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि चहाला आधण ठेवायची. आतून तिला काहीच वाटत नव्हतं, हेच खरं होतं. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय आपला आहे की नाही ते कळत नाही, तसं तिचं अख्खं अंग झालं होतं. कालवणात एक दिवस मीठ नसायचं, एक दिवस दोनदा पडलेलं असायचं. दादासो दोन्ही दिवशी सारखंच जेवायचा आणि ताटात हात धुऊन उठायचा. तिला एकच गोष्ट अजून लागून होती. हे तिसरं रोप जगलं पाहिजे.

मार्च लागला आणि तिसऱ्याच्याही पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. त्या दिवसापासून ती एकाऐवजी दोन कळश्या घालायला लागली. रोप आणखीच वाळलं. तेव्हा तिला आठवलं की शेतीचं शिकणारी उत्कर्षा मातीच्या पिशव्या तपासायला बारामतीला न्यायची. बाई एका सकाळी उठली, खोरं घेतलं आणि रोपाच्या भोवतीची माती काढली.

माती तपासायला कशी न्यायची हे तिला माहीत होतं, लेकीला करताना बघितलं होतं. माती फडक्यावर पसरायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे. उरलेल्याचे पुन्हा चार, पुन्हा दोन फेकायचे. शेवटी मूठ-दोन मूठ राहिली की ती पिशवीत. विजयमालानं फडकं पसरलं, माती ओतली, बोटानं आडवी-उभी रेघ मारली आणि थांबली. यातले फेकायचे कुठले? तिनं चारही भाग पुन्हा एक केले. खताच्या रिकाम्या गोणीत सगळी माती भरली, तोंड सुतळीनं शिवलं आणि इंदापूरहून येणाऱ्या एसटीत गोणी चढवली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हाय ह्यात?" ती म्हणाली, "माती." त्यानं सामानाचं तिकीट फाडायला हात घातला, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि तसाच पुढं गेला.

प्रयोगशाळेतला माणूस मात्र वैतागला. "अहो, अर्धा किलो आणायची असते! ही काय बांधाला भर घालायची माती आहे का? चार भाग करा, बाकीची तिकडं टाका ढिगावर."

"टाकायची न्हाय," विजयमाला म्हणाली.

"का?"

 ती गोणीवर हात ठेवून उभी राहिली. आवाज ऐकून आतून पांढरा कोट घातलेली एक पोरगी बाहेर आली आणि दारातच थबकली. ही मनिषा, निरवांगीची, उत्कर्षाची कॉलेजातली मैत्रीण, आता इथं नोकरीला. दोघी एका बाकावर बसायच्या. सावडायच्या दिवशी ती सणसरला आली होती, तिच्या देखत खड्डा बुजवला होता. तिनं गोणीकडं बघितलं, काकूंकडं बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"काकू," ती हळू आवाजात म्हणाली, "ही माती परत न्या. होती तिथंच घाला. इथं आम्ही ती पाण्यात कालवतो, गाळतो नि उरलेली टाकून देतो. मीच येते रविवारी. शेजारची माती घेऊ."

तिनं स्वतः गोणी रिक्षात ठेवली, स्टँडवर येऊन एसटीत चढवून दिली. विजयमाला घरी आली आणि रोपाभोवती गोणी रिकामी केली, आतून झटकलीसुद्धा.

रविवारी मनिषा आली. हातात लांब दांड्याचं गिरमिट होतं, सुतारासारखंच पण जमिनीला भोक पाडायचं. दादासो बांधावर उभा राहिला. त्याला हे पसंत होतं की नव्हतं ते कळायला मार्ग नव्हता. हल्ली त्याच्याही तोंडावर काही उमटत नसे. मनिषानं रोपापासून हातभर लांब गिरमिट टेकलं आणि फिरवायला सुरुवात केली. वरची माती कोरडी, पांढरट. मग चिकट काळी. मग लोण्यासारखी मऊ, आणि गिरमिट बाहेर काढलं तर त्याच्या टोकावरून पाणी ठिबकलं. दादासोही खाली उतरला आणि तिघंही भोकात वाकून बघत राहिली. बघता बघता तळात पाणी साचलं आणि वर वर येऊन कंबरेएवढ्या खोलीवर थांबलं.

"एवढ्या उन्हात?" दादासो म्हणाला. त्या सकाळचं त्याचं ते पहिलं वाक्य.

"उन्हामुळंच तर सगळं होतंय, काका." मनिषा खाली बसली. "देवापुढची वात कशी तेल ओढून घेते? तशी ही माती खालचं पाणी वर ओढते. ऊन पाणी घेऊन जातं नि त्यातलं मीठ इथंच ठेवतं. ही पापडी त्याचीच. काकू, तुम्ही रोज पाणी घालता, पण त्या पाण्याला खाली जायला वाटच नाहीये. खालचं भरलेलंच आहे. तुमच्या विहिरीचं पाणीबी मचूळ. कळशी कळशीनं तुम्ही मिठात भर घालताय."

विजयमाला पालथ्या कळशीवर येऊन बसली होती. ती कळशीवरून उठली.

"म्हंजी मीच?" ती म्हणाली.

"तुम्ही नाही हो. तुमच्या कळशीनं काय होणार एवढं?" मनिषानं वर उसाकडं हात केला. एवढ्या उन्हातही उसातल्या सऱ्यांत पाटाचं पाणी चकाकत होतं. परवाच पाण्याची पाळी झाली होती. पाळी आली की पाणी घ्यायचंच, पिकाला हवं असो वा नसो. आज सोडलं तर पुन्हा कधी मिळेल कोण जाणे. सणसरात आजवर आपली पाळी कुणी सोडलेली नाही, घरात मयत असली तरी. "हे सगळं पाणी कुठं जातं? ऊस पितो तेवढं पितो. बाकीचं जमिनीतून उताराला लागतं, वाटेतलं मीठ घेऊन इथं येऊन थांबतं. वरच्या रानाचं मीठ खालच्या रानात. वरचा ऊस आणि ही पापडी, दोन्ही एकाच पाण्याची."

"मग आता?" विजयमालानं विचारलं.

"पाणी अडवायचं. उसाच्या खालच्या अंगाला, बांधाच्या आत, पुरुषभर खोल चर काढायचा आणि ओढ्याला सोडायचा. वरनं येणारं पाणी चरात पडेल, इथली पातळी उतरेल. मग वरून गोडं पाणी द्या हवं तेवढं, ते मीठ धुऊन खाली नेईल. रोपाला तोवर दम निघेल का सांगता येत नाही. पण पाऊस लागायच्या आत चर झाला तर आशा आहे." ती जरा थांबली. "फक्त चार सऱ्या जातील उसाच्या."

दादासोनं पायाखालचं ढेकूळ टाचेनं फोडलं. 

मनिषाचं तिकडं लक्ष नव्हतं. ती आपली बोलत राहिली. "उत्कर्षाचा कॉलेजचा प्रकल्प हाच तर होता. ह्याच तुकड्याचा. चर कुठून काढायचा ते तिनं पावलांनी मोजून ठेवलं होतं. मला म्हणाली होती, पप्पांना सांगितलंय. तुम्हाला आठवत असेल ना, काका?"

दादासोनं गिरमिटाकडं बघितलं. त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली आणि तो बांधानं घराकडं चालायला लागला.

विजयमालाला मात्र लख्ख आठवलं. जेवणं चालली होती. उत्कर्षानं ताटातच बोटानं पिठल्याचा उतार करून दाखवला होता. वरून असं पाणी येतं पप्पा, इथं असं थांबतं. मधी चर काढा. चारच सऱ्या द्या मला. दादासो हसला होता. "उभ्या उसातनं चर? कुणी ऐकलं तर येड्यात काढतील मला. कोण शिकवतं गं तुमाला असलं?" आणि विजयमाला स्वतः म्हणाली होती, "जेव गप. बापाला शिकवाय निघाली." मग सगळेच हसले होते, पोरगीसुद्धा. हसून तिनं तो उतार बोटानं पुसून चाटून टाकला होता.

मनिषा चहा पिऊन गेली. संध्याकाळी दादासो ओसरीवर बसला होता. विजयमाला भाकरी टाकत होती. तव्यावरची भाकरी उलटता उलटता ती मधेच थांबली आणि म्हणाली, "अवो."

"हं."

"तुमी त्या दिशी काय म्हणला हुता? झाड कुठं लावायचं इचारल्यावर?"

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तितं तसं बी काय येत न्हाय, म्हणला हुता." तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं ती बोलत होती. "मी बी मान हलवली. सासूबाईंना घराजवळ जागा दिली, चांगल्या मातीत. आन् लेकीला जितं ऊस येत न्हाय तितं ठेवली. आपल्या दोघांनी."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं ती काढली नाही. दादासो उठून आत आला, चिमट्यानं भाकरी खाली घेतली आणि परत ओसरीवर जाऊन बसला. त्या रात्री दोघं जेवली की नाही ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी विजयमाला उठली तेव्हा खुंटीवरचा कोयता नव्हता. तिला वाटलं, दादासो गुरांना वैरण आणायला गेला असेल. भाकरी झाल्या, तिनं सवयीनं कळशी उचलली आणि मग मनिषाचं बोलणं आठवून ती पुन्हा खाली ठेवली. हात रिकामे राहिले. रिकाम्या हातांनी काय करायचं हे वर्षभरात ती विसरूनच गेली होती. तशीच ती बांधानं खाली गेली.

लांबूनच तिला कोयत्याचा आवाज आला. दादासो उसात होता. ऊस काय, अजून पोरवयातला, तोडीला दिवाळीनंतरची वाट बघायची. असल्या कोवळ्या उसाला कोयता लावायचा म्हणजे इकडच्या माणसाला दुभत्या गाईच्या मानेवर सुरी ठेवल्यासारखं. आणि दादासो बुडख्यापासून सपासप तोडत होता, तोडून बांधावर भिरकावत होता. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

बांधावर हिंदुराव तात्या काठी टेकून उभे होते. बातमीला पाय असतात, तात्यांना तर सहा. "दादासो, डोकं फिरलं का काय तुजं? उभा ऊस कापतोयस! कारखाना काय म्हणंल? लोक काय म्हणतील?"

दादासोनं पुढच्या बुडख्यावर कोयता घातला.

"आरं, एका आंब्याच्या रोपासाठी? दुसरीकडं लाव की! तुला काय रान कमी हाय व्हय?"

"तात्या," विजयमाला मागून म्हणाली, "जावा घरी. चहा झाला असंल."

लग्न होऊन आल्यापासून तिनं तात्यांच्या समोर तोंड उघडलं नव्हतं. तात्या दचकले, काहीतरी पुटपुटले आणि काठी टेकत निघून गेले. तासाभरात ही गोष्ट सणसरभर झाली असणार, पण ते जाऊ द्या.

ती बांधावर बसून पडलेला ऊस गोळा करायला लागली. शेंड्याचं हिरवं वाढं एका बाजूला, कांड्या एका बाजूला, हातांना काम मिळालं. एक सरी मोकळी झाली. मग दुसरी. ऊन चढलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं उभ्यानंच घशात ओतला. तिसरी झाली, चौथी झाली. उसात आता सरळ उघडी वाट पडली होती आणि तिच्या टोकाला ओढ्याचा वळसा दिसत होता. एवढ्या वर्षांत तो इथून कधी दिसला नव्हता. विजयमाला उठून कंबर सरळ करत म्हणाली, "झालं. उद्या मशीन सांगा चराला."

दादासो पाचव्या सरीत शिरला.

"अवो, बास. मनिषानं चारच सांगितल्यात."

कोयता चालतच राहिला.

"अवो, ऐकताय का? चारच लागत्यात."

तो थांबला. पाठमोराच उभा राहिला. कापलेल्या उसाचा रस त्याच्या मनगटावरून ओघळत होता.

"तवा चार मागितल्या हुत्या तिनं," तो म्हणाला. "तवा दिल्या असत्या तर चारवर भागलं असतं."

एवढं बोलून तो पुन्हा वाकला. विजयमाला उभी राहिली, खालच्या तुकड्याकडं बघत. तिसरं रोप तिथं होतं, तपकिरी कडांचं, शेंड्याला अजून एक हिरवं पान धरून. छातीत कुठं तरी काहीतरी हललं आणि दुखलं. तिला वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं, आणि ते इतकं दुखलं की तिनं बांधाचा आधार घेतला.

मग ती घरी गेली आणि दुसरा कोयता घेऊन आली.